उतारावरची बाग

बहारीनमध्ये सायकल चालवणाऱ्या माणसाला वारा कळतो, ऊन कळतं, वाळू कळते. उतार कळत नाही. सगळं बेट तव्यासारखं सपाट. मधोमध एक टेकडी आहे, तिला इथले लोक डोंगर म्हणतात, आणि पुण्याच्या माणसाने ते ऐकून गप्प बसायचं असतं. आम्ही नवरा-बायको शुक्रवारी सकाळी पश्चिम किनाऱ्यावरच्या झल्लाकच्या बाजूला गाडी लावायचो, सायकली उतरवायचो आणि डांबरी रस्ता सोडून दक्षिणेकडे, तेलाच्या पाइपांच्या कडेने जाणाऱ्या खडीच्या वाटांवर शिरायचो. सायकली त्यासाठीच घेतल्या होत्या. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं वाकलेलं, पण टायर जाड आणि खाचांचे. ग्रॅव्हल बाइक म्हणतात तिला.

मुलगी शिकायला कॅनडाला गेली आणि नवऱ्याला हे वेड लागलं. तो सित्रामधल्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. आठवडाभर पंप, व्हॉल्व्ह आणि शिफ्टच्या भानगडी. शुक्रवारी त्याला कोणाशी बोलायचं नसायचं, फक्त पुढे जायचं असायचं. मी सीफमधल्या ऑफिसात दिवसभर खुर्चीवर बसून असते, म्हणून पहिल्यांदा व्यायाम म्हणून त्याच्याबरोबर गेले. पुढे पुढे मी जायचे ती त्याच्यावर लक्ष ठेवायला. तो वेगात असला की त्याला कशाचं भान नसायचं. हिवाळ्यात वाळवंटात लोकांचे तंबू पडतात, चारचाकी मोटारसायकली कुठूनही उसळून येतात, भटक्या कुत्र्यांचे कळप मागे लागतात. तो कुत्र्यांवर ओरडून तसाच पुढे काढायचा. मी मागून यायचे तेव्हा ती कुत्री चिडलेली असायची. याबद्दल मी त्याला अनेकदा बोलले होते.

फ्रान्सचं त्यानेच काढलं. दक्षिण फ्रान्समध्ये लांगदॉक नावाचा मुलूख आहे, तिथे द्राक्षबागांमधून खडीचे रस्ते जातात, गावागावांत राहायची सोय असते, सामान एक कंपनी गाडीने पुढच्या मुक्कामी पोचवते. सायकलीही तीच कंपनी देणार. बकरी ईदच्या सुट्टीला लीव्ह जोडली की झालं.

"द्राक्षं बघायला फ्रान्सला?" मी म्हटलं. "तुझं गाव तासगाव तालुक्यात आहे. विमानाचं तिकीट तिथलं काढू."

तो लॅपटॉपवर नकाशा बघत राहिला.

मला तेव्हाच कळायला हवं होतं असं नाही, पण थोडं लक्षात यायला हरकत नव्हती. मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा विहिरीच्या पलीकडे ऊस होता. सासूबाई एकदा सहज म्हणाल्या होत्या, "हितं पैली बाग हुती आमची." नवरा तिथेच उभा होता, तो वळून उसाकडे बघायला लागला. त्यांच्याकडे वडलांना दादा म्हणतात. दादा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ते असेपर्यंत आम्ही दर सुट्टीत गावी जायचो आणि मी सासरी शिरले की आपोआप नवऱ्याला 'अहो' म्हणायला लागायचे. बहारीनला परत आलं की पुन्हा 'तू'. त्या बागेचा विषय मात्र ना 'अहो'च्या घरात निघाला, ना 'तू'च्या.

जूनमध्ये आम्ही गेलो. पहिले दोन दिवस चांगले गेले. वेली हिरव्यागार, घडांमध्ये मणी वाटाण्याएवढे, आणि सगळीकडे गंधकाचा वास. एका बागेपाशी तो थांबला, पान हातात घेतलं, त्यावरचा निळसर डाग अंगठ्याने पुसला आणि म्हणाला, "बोर्डो. आपल्याकडेही हेच मारतात. मोरचूद आणि चुना. बोर्डो मिश्रण हे नाव फ्रान्समधल्याच एका शहराचं आहे, आणि आमच्या गावातल्या अडाणी माणसालासुद्धा ते पाठ असतं." लग्नाला वीसपेक्षा जास्त वर्षं झाली होती आणि द्राक्षांबद्दल तो माझ्याशी इतकं पहिल्यांदाच बोलला. मला वाटलं, आणखी बोलेल. पण तो सायकलीवर बसला.

मला त्रास होता तो उतारांचा. चढ आम्ही दोघंही दमत का होईना चढत होतो. बहारीनच्या वाऱ्याविरुद्ध सायकल मारलेली असली की चढाची सवय झाल्यासारखीच असते. उतारावर मात्र दोघंही नवशिके. खाली सुटी खडी, मागचं चाक सरकतं, ब्रेक जोरात दाबला तर घसरतं आणि नाही दाबला तर सायकल आपली राहत नाही. मी दोन्ही ब्रेकवर बोटं आवळून, पाठ मागे करून, जीव मुठीत धरून उतरायचे. हाताला गोळे यायचे. तो खाली पोचून, एक पाय जमिनीवर टेकवून माझी वाट बघत असायचा आणि मी आले की काही न बोलता निघायचा. तिसऱ्या दिवसापर्यंत मला त्याच्या न बोलण्याचा राग यायला लागला होता.

त्या दिवशी सकाळी मुक्कामाच्या बाईंनी खिडकीतून आकाशाकडे बोट दाखवलं आणि हातांनी गारा पडतात तसं करून दाखवलं. दुपारी वादळ येणार होतं. मी नवऱ्याला म्हटलं, "आज डांबरी रस्त्याने जाऊ. लांब पडेल, पण रहदारी असेल, गावं असतील."

"वरून वाट आहे. अर्ध्या वेळात पोचू. वादळाच्या आधी."

"वरून म्हणजे नंतर उतार."

"मग तू रस्त्याने जा. मी खाली भेटतो तुला."

"मी एकटी जाणार नाही."

"मग चल."

हे बोलणं इतकंच झालं. आवाज चढला नाही कोणाचा. पण चढाच्या सगळ्या वाटेवर मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. टेकडीच्या माथ्यावर पोचलो तेव्हा दक्षिणेकडचं आकाश पाटीसारखं काळं झालं होतं आणि वारा पडला होता. खाली सगळी बागच बाग, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली. अगदी तळाला एक पांढरी व्हॅन आणि वेलींमध्ये हलणारे काही ठिपके. माणसं काम करत होती. तो म्हणाला, "सावकाश ये." आणि सुटला.

मी पहिल्या वळणापर्यंत त्याला बघितलं. वळणानंतर तो दिसेना. मग खडी उडाल्याचा आवाज आला, आणि काहीतरी लोखंडी वाजल्याचा. त्यानंतर काहीच नाही.

मी सायकल हातात धरून तशीच पळत उतरले. तो वाटेच्या कडेला, वेलींच्या पहिल्याच ओळीत पडला होता. ज्या लोखंडी खांबाला तारा बांधतात त्यावर त्याचं डोकं आपटलं होतं. हेल्मेटला आरपार चीर गेली होती. डावा खांदा विचित्र खाली आलेला, कोपर सोलून निघालेलं. डोळे उघडे होते.

मी त्याला हाक मारली. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात ओळख नव्हती. अनोळखी बाई शेतात आली की माणूस सभ्यपणे बघेल तसा तो बघत होता.

"फवारणी झाली का?" त्याने विचारलं.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"पाऊस यायला लागलाय," तो म्हणाला. "आज मारलंच पायजे. औषध कुणी कालवलंय?"

बहारीनमध्ये इतकी वर्षं तो ऑफिसात इंग्रजी, मित्रांत हिंदी आणि घरात माझ्यासारखी मराठी बोलत आला होता. हा आवाज मी फक्त गावी ऐकला होता, तोही तो दादांशी बोलत असतानाच. मी विचारलं, "आपण कुठे आहोत?" तो म्हणाला, "बागंत." मी विचारलं, "मी कोण?" तो जरा लाजला आणि म्हणाला, "तुमी पाव्हण्या न्हवं का?"

मी फोन काढला. सिग्नलची एक दांडी येत होती, जात होती. इमर्जन्सीचा नंबर लावला. पलीकडून फ्रेंचमध्ये कोणीतरी बोललं, मग इंग्रजीत. मी सांगितलं, अपघात, डोकं, नवरा. त्या बाईने विचारलं, कुठे आहात? मी काय सांगणार होते? सायकलीवरच्या नकाशात एक निळी रेघ होती आणि तिच्या आजूबाजूला काही नव्हतं. मी सकाळच्या गावाचं नाव सांगितलं, ते तिला कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं. फोन कट झाला. परत लावला, लागला, कट झाला. मग लागेचना.

तेवढ्यात तो उठून उभा राहिला होता. डावा हात उजव्या हाताने छातीशी धरून ओळीतून चालायला लागला होता. मी धावत जाऊन त्याला धरलं.

"खाली बस. बस ना."

"दादा कुठं गेल्यात?"

"बस आधी."

"दादास्नी विचारून येतो."

दर मिनिटाला तो तेच विचारत होता. फवारणी झाली का, दादा कुठं गेल्यात. मी उत्तर द्यायचे, तो मान हलवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. आणि मधे मधे उठायचा. वेदना त्याला जाणवत नव्हत्या की जाणवून त्या दुसऱ्याच कोणाच्या वाटत होत्या, मला माहीत नाही. लांब कुठेतरी गडगडलं. आमच्या सगळ्या बाजूंना लोखंडी खांब आणि तारा.

खालच्या माणसांकडे जाणं एवढाच मार्ग होता. ओरडून पाहिलं, आवाज पोचत नव्हता. त्याला बरोबर नेणं शक्य नव्हतं. त्याला सोडून गेले तर तो चालत सुटणार, आणि ओळींच्या पलीकडे बांध होता, बांधाच्या पलीकडे दगडी भिंत सरळ खाली गेलेली.

काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. त्याच्यासमोर उकिडवी बसले आणि तोंडातून आलं, "अहो, दादा मोटरीवर गेलेत."

त्याने लगेच माझ्याकडे बघितलं. पडल्यापासून पहिल्यांदाच त्याची नजर एका जागी थांबली.

"लाईट आली का?"

"आली. म्हणून तर गेले. तुम्हाला इथंच बसायला सांगितलंय. औषध कालवून ठेवलंय, त्याच्यावर लक्ष ठेवा म्हणालेत. कुत्रंबित्रं सांडेल."

मी आमच्या दोघांच्या पाण्याच्या बाटल्या काढल्या आणि त्याच्या पायांसमोर मातीत उभ्या केल्या. एकीत निळं सरबत होतं, क्षारांचं. तो त्या बाटलीकडे बघत राहिला.

"मोरचूद जास्त पडलंय," तो म्हणाला.

"दादांनी टाकलंय."

"मग असंल बराबर."

त्याची पाठ खांबाला टेकवून मी उठले. दोन पावलं मागे सरकले. तो बाटल्यांकडे बघत बसून राहिला. मेलेल्या माणसाच्या नावाने मी खोटं बोलले होते, आणि ज्याच्याशी बोलले त्याच्या तोंडावर इतकं समाधान होतं की मला बघवेना.

सायकलीवर बसले. पुढचा सगळा उतार तसाच, सुट्या खडीचा. चालत गेले असते तर वेळ लागला असता. मी पाठ मागे केली, दोन्ही ब्रेक अर्धे धरले आणि सोडून दिलं. मागचं चाक दोनदा सरकलं. एका वळणावर मी वेलीत शिरले, फांद्यांनी हात ओरबाडले गेले, पाय टेकवून पुन्हा निघाले. मनात एकच होतं, मी पडले तर त्या बाटल्यांसमोर बसलेल्या माणसाचा ठावठिकाणा जगात कोणालाच माहीत नाही.

खाली पाच-सहा जणं वेली तारांना बांधत होती. पुरुष, आणि डोक्याला रुमाल बांधून त्यावर गवती टोपी घातलेल्या दोन बायका. मी सायकल टाकली आणि इंग्रजीत बोलायला लागले. त्यांनी हातातलं काम थांबवलं. चेहऱ्यावर काळजी, पण समजत काही नव्हतं. मी वर बोट दाखवलं, डोक्याला हात लावला. एक बाई शेजारच्या माणसाकडे वळून भराभर काहीतरी बोलली आणि त्यातला एक शब्द माझ्या कानाने पकडला. तिने 'शूफ' म्हटलं होतं. बघ.

ते अरबी बोलत होते.

मी सोळा-सतरा वर्षं बहारीनमध्ये काढली आहेत आणि मला अरबी येत नाही. जी येते ती भाजीवाल्याशी, टॅक्सीवाल्याशी, बिल्डिंगच्या वॉचमनशी बोलायची मोडकी अरबी, जी ऐकून अरबांनाही हसू येतं. तीच माझ्या तोंडून बाहेर पडली. "रय्याल माल अना," मी म्हटलं. माझा माणूस. "फोक. रास खराब. मफी तलिफोन. मुस्तश्फा, मुस्तश्फा. ताआल."

ते मोरोक्कोचे होते, त्यांची अरबी वेगळी, माझी तर कुठलीच नाही. पण वर, डोकं, हॉस्पिटल आणि ये, एवढं कोणालाही पुरतं. त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर माणूस, पांढरी दाढी, मळकी टोपी, काही न विचारता व्हॅनकडे पळाला. ज्या बाईने 'शूफ' म्हटलं होतं तिने फोन काढून फ्रेंचमध्ये बोलायला सुरुवात केली. तिचा फोन लागत होता. बागेचं नाव, वाटेचं नाव, सगळं ती सांगत होती. बोलता बोलताच तिने माझ्या दंडाला धरून मला व्हॅनमध्ये बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. तिच्या हाताला गंधकाचा वास होता.

"इंती हिंदी?" तिने विचारलं. तू भारतातली का?

"हिंद. बहारीन."

तिला ते काही जुळलं नसावं, पण तिने मान डोलावली आणि माझा हात सोडला नाही. व्हॅन त्या वाटेवर दगडांवरून उसळत चढत होती. पहिले थेंब काचेवर पडले.

आम्ही पोचलो तेव्हा बाटल्या होत्या. तो नव्हता.

त्या वेळी मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. बाईने नंतर हातवारे करून दाखवलं त्यावरून कळलं की मी बांधाकडे धावले आणि तिने मला मागून कवेत घेऊन थांबवलं. म्हातारा दुसऱ्या बाजूने ओळीओळींतून वाकून बघत गेला. मग त्याने हाक मारली.

नवरा चार-पाच ओळी पलीकडे उभा होता. एका हाताने वेलीची पानं उलटी करून करून बघत होता. दावण्या नावाचा रोग असतो, तो पानाच्या खालच्या बाजूला पांढरा दिसतो, हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला फक्त दिसलं की तो रडत होता, आवाज न करता, आणि पानं उलटत होता.

म्हातारा त्याच्याजवळ गेला. नवऱ्याने वळून त्याच्याकडे बघितलं. टोपी, दाढी, उन्हाने रापलेला चेहरा. त्याचे खांदे एकदम सैल पडले.

"दादा," तो म्हणाला, "बाग काढायची न्हाई आता. मी बघतो. मी ऱ्हातो हितंच."

म्हाताऱ्याला एक अक्षर कळलं नाही. त्याने नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "इंशाल्ला. इंशाल्ला."

बहारीनमध्ये हा शब्द आम्ही दिवसातून कितीदा ऐकतो. नवऱ्याला तो कुठल्या काळातला वाटला कोणास ठाऊक. त्याने मान हलवली आणि म्हाताऱ्याने धरून नेलं तसा चालत आला. व्हॅनमध्ये त्याला मागच्या सीटवर बसवलं. पाऊस आला, मग गारा. पत्र्यावर इतका आवाज की कोणाला काही बोलता येईना. म्हातारा काचेतून बाहेर, आपल्या हातांनी बांधलेल्या वेलींकडे बघत होता आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होता. बाई माझ्या दुखऱ्या हातावर रुमाल बांधत होती. नवरा विचारत होता, फवारणी झाली का. मी म्हणत होते, झाली.

अँब्युलन्स त्या गारांतूनच आली.

हॉस्पिटलमध्ये डोक्याचा स्कॅन झाला. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, ते बसेल म्हणाले. मेंदूला मार लागला होता, थोडी सूज होती, रक्तस्राव नव्हता. तरुण डॉक्टर बाई शब्द शोधत इंग्रजी बोलत होती. तिने सांगितलं, आठवण परत येईल, बहुधा. 'बहुधा' हा शब्द तिने जपून उच्चारला. मी त्याच्या पलंगाशेजारी बसून राहिले. तो तेच तेच विचारत राहिला, पण दोन प्रश्नांमधलं अंतर वाढत गेलं. मुलीचा फोन आला. तिला मराठी समजतं आणि ती उत्तर इंग्रजीत देते, त्या दिवशी मात्र ती नुसती "आई, आई" म्हणत होती. मी तिला सांगितलं, हाड मोडलंय, बाकी ठीक. पुढचं सांगायची माझी हिंमत नव्हती, कारण तिने बाबांशी बोलायचंय म्हटलं असतं आणि त्याने तिला कोण म्हणून विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीशी उभी होते. मागून आवाज आला, "सायकलींचं काय झालं? डिपॉझिट ठेवलंय आपण."

मी वळले. तो माझ्याकडे बघत होता, आणि ते मलाच बघणं होतं.

"तुझ्या हाताला काय लागलं?" तो म्हणाला.

मी इतकी चिडले की खोलीतून बाहेर निघून गेले. कॉरिडॉरमध्ये एका खुर्चीवर बसून रडले, तोंड धुतलं आणि परत येऊन त्याला सांगितलं की सायकली गेल्या खड्ड्यात.

त्याला मुक्कामाच्या बाईंनी केलेल्या गारांच्या खुणा आठवत होत्या. पुढे हॉस्पिटलच्या छतापर्यंत काही नाही. ते परत येणार नाही असं डॉक्टर म्हणाल्या, आणि ते आलंही नाही. आम्हाला सोडण्याआधी त्या मोरोक्कन बाईने फोन करून चौकशी केली. कोणाकडून नंबर मिळवला माहीत नाही. बाग कशी आहे, मी विचारलं. तिने सांगितलं त्यातला 'खलास' एवढाच शब्द मला कळला. म्हाताऱ्यासाठी मला फार वाईट वाटलं आणि तिला ते सांगायला माझ्याकडे शब्द नव्हता.

बहारीनला आल्यावरचे महिने त्या दिवसापेक्षा सोपे होते असं मी म्हणणार नाही. तो सिक लीव्हवर. उन्हाळा ऐन भरात, पडदे ओढलेले, कारण त्याला उजेड सहन होत नव्हता. टीव्ही नको, भांड्याचा आवाज नको. बारीकसारीक गोष्टीवर तो भडकायचा आणि मग अर्धा दिवस कपाळ धरून बसायचा. मी ऑफिसातून फोन करायचे. त्याने उचलायला जरा उशीर केला की माझ्या डोळ्यांसमोर रिकाम्या ओळी यायच्या. एकदा त्याला झोप लागली होती आणि तो उचलेना, तेव्हा मी मीटिंग सोडून सीफहून घरापर्यंत गाडी कशी चालवली ते मला माहीत नाही.

मी त्याला ते सांगितलं नव्हतं. तू बरळत होतास, एवढंच म्हटलं होतं. पण एक दिवस कंपनीच्या डॉक्टरकडे दाखवायला सित्राला नेत असताना, पुलावर ट्रॅफिकमध्ये, त्याने गॉगल न काढता विचारलं, "मी काय बोलत होतो? खरं सांग."

मी सगळं सांगितलं. फवारणी, दादा, बाटल्या, म्हातारा. पुढे ट्रेलर उभे होते, गाडी हलत नव्हती, आणि माझे डोळे समोर होते हे बरं होतं.

तो म्हणाला, "मी शेवटच्या वर्षाला होतो कॉलेजात. भावालाही नोकरी लागली होती. दादांनी मला पत्रावळीत जेवता जेवता विचारलं, लग्न होतं कोणाचं तरी, बाग ठेवू का काढू? तू येणार असशील तर ठेवतो. मी म्हटलं, काढा. सुट्टीत गेलो तेव्हा खांब रचून ठेवले होते विहिरीजवळ." तो थांबला. "त्यांनी मला कधी थांब म्हटलं नाही. एकदाही नाही. आणि तू त्यांच्या नावाने सांगितलंस, थांब म्हणून."

"दुसरं काही सुचलं नाही मला."

"नाही, मी तक्रार नाही करत." मागच्या गाडीने हॉर्न दिला, पुढची हलली होती. "मी थांबलो का पण?"

"नाही," मी म्हटलं. "आम्ही येईपर्यंत तू पानं बघायला गेला होतास."

तो हसला, आणि हसल्यामुळे डोकं ठणकलं म्हणून त्याने कपाळ दाबून धरलं.

त्याला कामावर जायला ऑक्टोबर उजाडला. डोकं अजून दुखतं, शिफ्ट आता फक्त दिवसाची मिळते. दिवाळीत आम्ही गावी गेलो. तो विहिरीपलीकडे, सुट्टीला आलेल्या भावाबरोबर बराच वेळ उभा होता. काय बोलले ते मी विचारलं नाही. परत आल्यावर त्याने सांगितलं की भाऊ उसाच्या कडेला द्राक्षाच्या चार ओळी लावून बघायचं म्हणतोय, घरी खाण्यापुरत्या. रोपं मिळाली तर. मी म्हटलं, बघणार कोण? तो म्हणाला, तेच भाऊ विचारत होता.

डॉक्टरांनी परवानगी दिली म्हणून मागच्या शुक्रवारी आम्ही झल्लाकला गेलो. मला रात्रभर झोप नव्हती. तो हळू चालवत होता, आणि तरी माझी बोटं ब्रेकवरून हलत नव्हती. पहिल्या पाइपलाइनपाशी त्याने स्वतःहून सायकल थांबवली आणि सांगितलं की उजेड जास्त होतोय. आम्ही परत फिरलो. समुद्राजवळच्या टपरीवर इथला वेलचीचा करक चहा घेतला, सायकली रॅकवर चढवल्या आणि नऊ वाजायच्या आत घरी आलो.